टेपचं दुमडलेलं टोक

गाड्यांच्या त्या वायरमनला सगळे सुईकाका म्हणायचे. माणूस काही सुईसारखा बारीक नव्हता. पोट स्टेअरिंगला टेकेल एवढं होतं. पण वायर ओवायला हात असा, की गाडीच्या एका टोकाला घातलेली वायर दुसऱ्या टोकाला निघेपर्यंत मधे कुठून गेली हे खुद्द गाडीलाही कळू नये. दुकान दोन गाड्या मावतील एवढं. तिसरी आली की पहिलीला ढकलून बाहेर उन्हात उभं करावं लागे. पाटीवर तीन कामं लिहिलेली होती: हेडलाइट, हॉर्न, रेडिओ. यातला रेडिओ हा शब्द सभ्य लोकांच्या सोयीसाठी होता, कारण रेडिओ बसवायला येणाऱ्या बहुतेक गाड्यांत रेडिओ आधीच वाजत असायचा.

रेडिओ म्हणजे रडार डिटेक्टर. पोलीस रस्त्याच्या कडेला रडारची बंदूक रोखून बसले, की हे यंत्र बरंच आधी पिकपिक करून मालकाला जागं करतं. मालक शहाण्या बाळासारखा वेग कमी करतो, पोलिसांकडे बघून गोड हसतो, आणि वळण गेलं की पुन्हा त्याच्या अंगात येतं. कायद्यानं यंत्राला बंदी होती. म्हणून ते कुणाला दिसू नये, आणि दिसू नये म्हणून सुईकाका.

गिऱ्हाइकांपैकी कुणी यंत्राचं नाव घेत नसे. "ते बसवायचंय," म्हणायचे, आणि 'ते' म्हणताना मागे वळून बघायचे. दातांचा डॉक्टर म्हणाला, "मी तसा हळूच चालवतो हो. आपलं माहिती असावी म्हणून." कापडाचा व्यापारी म्हणाला, "घरच्यांच्या काळजीपोटी बसवतोय." एक प्राध्यापक होते, कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायचे. ते म्हणाले, "तत्त्वतः मी याच्या विरोधात आहे," आणि गाडीची किल्ली सुईकाकांच्या हातावर ठेवली. असे हे सगळे हळू चालवणारे. शहराबाहेरच्या उतारावरची कुत्री यांच्या गाड्यांचा आवाज ऐकला की रस्ता ओलांडायचा बेत रद्द करत.

काम मात्र बघण्यासारखं होतं, म्हणजे कुणाला बघायला मिळालं असतं तर. यंत्राचा कान पुढच्या जाळीमागे, प्लास्टिकच्या आड. प्लास्टिकच्याच, पत्र्याच्या आड ठेवला तर तो ठार बहिरा होतो, हे सुईकाका प्रत्येकाला बजावून सांगत. तिथून वायर बॉनेटच्या केबलला लगटून, रबरी बुचातून आत, पायाखालच्या गालिच्याखालून फ्यूज बॉक्सपर्यंत. पिकपिक करणारी डबी डॅशबोर्डच्या पोटात. आणि यंत्र चालू असल्याचं कळावं म्हणून किल्लीच्या भोकाखाली, बोटभर डावीकडे, मोहरीच्या दाण्याएवढा एक हिरवा दिवा. माहीत नसलेल्या माणसाची नजर त्यावर ठरणारच नाही. शेवटी आतल्या सगळ्या वायरींची मोळी बांधून तिच्यावर काळी टेप गुंडाळायची आणि टेपचं टोक नखभर दुमडून ठेवायचं. दुमडलेलं टोक चिकटत नाही. पुढेमागे कुणाला मोळी उघडायची झाली तर नखानं धरून एका ओढीत सुटते. हे त्यांना त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं. "आपल्यामागून जो उघडेल, त्याच्या शिव्या आपल्याला लागू नयेत," असं उस्ताद म्हणायचा. पोलिसांपासून लपवलेल्या वायरीतसुद्धा हा माणूस पुढच्या वायरमनची सोय बघत होता. असली माणसं चोरी करून निघाली तरी जाताना दार ओढून घेतील.

मधे एक नवा हुकूम निघाला. वेगासाठी ज्या गाडीला दंड होईल, तिची तिथल्या तिथं झडती घ्यायची. यंत्र सापडलं तर कागदावर मालकाचं नाव, त्याखाली बसवणाऱ्याचं नाव, आणि बसवणाऱ्याच्या दुकानाला कुलूप. प्राध्यापक लगबगीनं दुकानात आले.

"हे बघा काका, मला विचारलं तर तुमचं नाव सांगावं लागेल. मी खोटं बोलत नाही."

"सापडलं तरच सांगाल ना?"

"अर्थात."

"मग चहा घ्या. सापडणार नाही."

कुणी फारच खोदून विचारलं तर सुईकाका म्हणत, "मी फक्त वायर ओढतो. गाडी पळवणारा पाय माझा नाही." हे वाक्य इतकी वर्षं वापरात होतं की घासून गुळगुळीत झालं होतं. त्यांचा स्वतःचा पाय मात्र चाळीसच्या वर कधी गेला नाही. त्यांची गाडी जुनी, तिसऱ्या गिअरला कण्हणारी. चौथा गिअर तिला होता, पण तो कपाटातल्या चांगल्या कपबशांसारखा, फारसा कुणी काढत नसे.

आता या माणसाला एकुलती एक लेक. ती कुठं लागावी? वाहतूक पोलिसांत. आणि सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर घेऊन तिला नेमणूक कुठं मिळावी? शहराबाहेरच्या त्या उतारावर, हातात रडारची बंदूक देऊन. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा सुईकाकांनी शेजारपाजारी मिठाई वाटली. वाटताना एका हातात डबा होता आणि दुसऱ्या हाताच्या नखात काळी टेप अडकलेली होती.

लेकीला बापाचा रेडिओ ठाऊक नव्हता असं नाही. लहानपणी शाळा सुटली की ती दुकानातल्या गाड्यांच्या मागच्या सीटवर बसून अभ्यास करायची. पाढे पाठ व्हायच्या आधी तिला वायरींचे रंग पाठ होते. पण घरात हा विषय कुणी काढत नसे. त्या घरात वायरच काय, मनातली गोष्टसुद्धा कधी उघड्यावरून गेली नाही, सगळं अस्तराखालून.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली की आई विचारायची, "आज किती गाड्या धरल्यास?"

"आज काही नाही."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. महिन्याभरानं आईनं ताटावरून हात उचलून विचारलं, "उतारावरून काय लोक गाड्या हातात धरून चालत जातात?"

सुईकाका मान खाली घालून जेवत. खोटं कशाला सांगा, सुरुवातीला त्यांना आतून गुदगुल्या व्हायच्या. लेकीच्या वहीतलं शून्य म्हणजे त्यांच्या हाताला मिळालेलं प्रशस्तिपत्रच की. शहरात पळणारी जेवढी मंडळी होती, तेवढी सगळी त्यांची गिऱ्हाइकं. यंत्र पिकपिकतं, मंडळी हळू होतात, लेकीला काही मिळत नाही. एकही यंत्र चुकत नाही! दुसरा भात वाढून घेताना ते मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत.

पाचवा महिना संपता संपता पत्र आलं. बायकोनं ते मोठ्यानं वाचलं. पाच महिन्यांत एकही नोंद नाही. पुढच्या महिनाअखेरीस साहेब जातीनं उतारावर येऊन काम बघतील. तोवर वही कोरीच राहिली, तर नोकरी पक्की होणार नाही. पत्रात नव्हतं तेवढं लेकीनं सांगितलं. साहेब चारचौघांत म्हणाले होते, "तिथं झोपता, का खाता?"

"म्हणजे?" आई म्हणाली.

"म्हणजे पैसे खाते का, असं विचारलं त्यांनी."

आई साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. लेकीचे कान लाल झाले होते. तिनं अर्धं ताट तसंच ठेवलं आणि उठली. झाकली मूठ, झाकली मूठ म्हणत इतकी वर्षं काढली, आणि त्या मुठीत आपल्याच पोरीचा गळा सापडला, हे सुईकाकांना त्या दिवशी कळलं. फार वाईट वाटलं त्यांना.

वाईट वाटलं की सरळ माणूस जाऊन सरळ बोलतो. पण सुईकाकांचा सरळ मार्गावर कधी विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाचा रिकामा डबा कात्रीनं कापला, खेळायच्या पत्त्याएवढ्या पत्र्याच्या चकत्या केल्या आणि दुकानाबाहेर पुठ्ठा टांगला: 'जुन्या गिऱ्हाइकांना रेडिओची सर्व्हिस फुकट.' फुकट हा शब्द ऐकणारा कान मात्र कुठल्याही पत्र्याआड बहिरा होत नाही. डॉक्टर दवाखाना सोडून आला. व्यापारी दुकान नोकरांवर टाकून आला. प्राध्यापक तत्त्वतः विरोधात होते, पण तेही रांगेत होते.

प्रत्येक गाडीची जाळी उघडायची, यंत्राच्या कानापुढे पत्र्याची चकती सरकवायची, जाळी बंद करायची. हिरवा दिवा तसाच हसत राहायचा; यंत्राला आता समोर तोफ डागली असती तरी ऐकू आली नसती. आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून वाईट काम करताना सुईकाकांचा हात चुकला. पहिल्या चकतीनं बोटही कापलं. तरी सवय जाते कुठं? प्रत्येक मोळीला नवी टेप लावून त्यांनी टोक दुमडलंच.

गिऱ्हाइकं खूश झाली. "काका, सर्व्हिसनंतर यंत्र काय सुरेख चालतंय! एकदासुद्धा वाजलं नाही. पोलीसच राहिले नाहीत रस्त्यावर!" असं म्हणून ती आणखी जोरात पळू लागली. सुईकाका गालातल्या गालात हसले आणि संध्याकाळची वाट बघू लागले.

"आज किती?" यावेळी त्यांनीच विचारलं.

"आज काही नाही."

सुईकाकांचा हात ताटातच राहिला. काही नाही कसं? डॉक्टर आजच वर गेलाय, परत येताना वाऱ्यासारखा येणार! पत्रा पातळ पडला का? त्यांनी दुसऱ्या डब्याला कात्री लावली आणि पुन्हा फुकट सर्व्हिस काढली. एकाच्या जागी दोन चकत्या झाल्या. लेकीचं उत्तर तेच राहिलं, फक्त चेहरा रोज थोडा उतरत गेला. आधी ती अर्धं ताट ठेवायची, आता पाऊण ठेवू लागली. महिनाअखेरीला चार दिवस उरले.

त्या दिवशी दातांचा डॉक्टर दुकानात आला तो सुईकाकांचा हात हातात घेऊन हलवायलाच लागला.

"काका, मानलं! काय यंत्र बनवलंय!"

"का? वाजलं?" सुईकाकांनी दचकून विचारलं.

"वाजलं नाही हो, तेच तर! मी एकशे दहावर होतो. समोर पोलीस. मुलगीच होती एक. थांबवलं तिनं. म्हटलं, मेलो. कागद मागायला म्हणून खिडकीतून आत वाकली, किल्लीपाशी बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला, जसं काही माझ्या खुर्चीत बसलीय आणि मी दाढ उपटतोय. वही मिटली. म्हणाली, हळू जात जा, काका. सोडून दिलं! व्यापाऱ्यालाही परवा तसंच सोडलं म्हणे. प्राध्यापकांना तर दोनदा. तुमचा तो हिरवा दिवा बघितला की पोलिसांना काही होतं का हो? मेहुण्याच्या गाडीलाही बसवायचंय."

सुईकाका खाली बसले. स्टूल पलीकडे होतं, पण ते होते तिथंच, टायरवर बसले. डॉक्टरला वाटलं, स्तुतीनं भारावले.

एवढी वर्षं तो दिवा कुणाला दिसला नव्हता. मागच्या सीटवर बसून ज्या पोरीनं तो शंभर वेळा लागताना बघितला होता, तिला मात्र दिसणारच. दंड केला तर झडती. झडती घेतली तर यंत्र. यंत्र निघालं तर बसवणाऱ्याचं नाव, आणि नाव सांगायला प्राध्यापक एका पायावर तयार. म्हणून ती पाच महिने हिरवा दिवा दिसला की वही मिटत होती. यंत्राचं पिकपिकणं ऐकूनही वेग न आवरणारे महाभाग आधीही होतेच; त्यांना तिनं सोडलं. आणि आता सगळ्या शहराचे कान सुईकाकांनी बंद केल्यावर? रोज चार गाड्या थांबवायच्या आणि चारही सोडायच्या. साहेबांचं बोलणं मात्र तिनं एकटीनं ऐकायचं.

घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, पत्र्यासकट. ती भांडी पुसत होती. फडकं तसंच हातात राहिलं.

"म्हणजे तुम्ही तिच्यासाठी गाड्या बहिऱ्या केल्यात, आणि ती तुमच्यासाठी आंधळी झाली. वा! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बापलेकींनी एकदा तोंड उघडून बोलायचं, तर तेवढं जमलं नाही."

"आता बोलतो."

"आता काय बोलणार? ती तुमचं ऐकेल? तुम्ही म्हणाल माझं नाव लिही, ती म्हणेल नाही लिहीत. तुमचीच लेक ती."

खरंच होतं. सुईकाका उठून दुकानात गेले, आणि स्वतःच्या जुन्या गाडीची जाळी उघडायला बसले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी साहेब उतारावर आले. जीपला टेकून चहा घेत उभे राहिले. लेक बंदूक घेऊन रस्त्याच्या कडेला होती. आज जो कुणी वेगात येईल त्याला साहेबांसमोर सोडता येणार नव्हतं, आणि धरला तर त्याच्या तोंडून बापाचं नाव निघणार होतं. सकाळपासून ती मनात एकच म्हणत होती, आज कुणी येऊ नये.

वरच्या वळणावरून कण्हण्याचा आवाज आला. एक जुनी गाडी, चौथ्या गिअरमधे, अंगातला पत्रा न् पत्रा खडखडवत खाली येत होती. मर्यादा साठची. उतार साथीला होता, वारा मागून होता, आणि चालवणारा पुढे झुकून जोर लावत होता, जणू त्यानं गाडी पळणार होती.

"किती?" साहेबांनी विचारलं.

लेकीनं बंदुकीकडे बघितलं. मग गाडीकडे.

"किती, विचारलं मी."

"बासष्ट, साहेब."

"मग थांबवा की!"

गाडी थांबली, तिला थांबायला तशी निमित्ताचीच गरज होती. सुईकाकांनी काच खाली केली. लेक वाकली. किल्लीच्या भोकाखाली, बोटभर डावीकडे, हिरवा दिवा होता. तिनं हळूच म्हटलं, "बाबा, जा. मी सांगते काहीतरी."

"बासष्टच भरलं?" सुईकाकांनी विचारलं. त्यांना सत्तरची आशा होती. मग तेवढ्याच हळू आवाजात म्हणाले, "लिही. माझं नाव माझ्याच तोंडून लिही. त्या प्राध्यापकाच्या तोंडून नको."

"दुकान जाईल."

"तुझी नोकरी गेल्यावर त्या दुकानात माझ्याच्यानं बसवेल का? लिही, पोरी."

साहेब चहाचा कप घेऊन जवळ आले. "काय कुजबुज चाललीय? झडती घ्या."

तिनं वही उघडली. "मालकाचं नाव?" सुईकाकांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. साहेबांनी एकदा बापाकडे, एकदा लेकीच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे बघितलं.

"आडनाव एकच?"

"वडील आहेत माझे," लेक म्हणाली.

साहेबांना चहा गिळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी स्वतःच खाली वाकून सगळीकडे बघितलं. सीटखाली बघितलं, आरशामागे बघितलं, पार चटई उचलून बघितली. "इथं तर काही नाही."

"आहे, साहेब."

तिनं स्टेअरिंगखालचं झाकण काढलं आणि न बघता हात आत घातला. सुईकाकांनी मधल्या दिवसांत त्या गाडीत आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम केलं होतं. सापडावं म्हणून बसवलं होतं, तरी वाईट बसवणं त्यांच्या हाताला पुन्हा जमलं नव्हतं. तिच्या बोटांना वायरींची मोळी लागली. मोळीवर टेप लागली. टेपचं टोक लागलं, नखभर दुमडलेलं. एका ओढीत सगळं सुटून तिच्या हातात आलं.

"इतक्या लवकर?" साहेब म्हणाले.

"टोक दुमडलेलं असतं, साहेब." तिनं टोक नखानं वर धरून दाखवलं. "मागून जो येईल त्याला उघडता यावं म्हणून."

सुईकाकांनी मान फिरवून बाहेर बघितलं. चाळीस वर्षं ते टोक दुमडत आले होते, आणि मागून येणारं कोण हे त्यांनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. तिनं लिहायला घेतलं. यंत्र बसवणाऱ्याचं नाव, या रकान्याशी पेन थांबलं.

"जोर देऊन लिही," ते म्हणाले. "तिसऱ्या प्रतीवर उमटत नाही नाहीतर."

तिनं जोर देऊन लिहिलं. वहीतली ती पहिली नोंद. शाई वाळायच्या आत वरच्या वळणावर दुसरा आवाज आला. हा कण्हणारा नव्हता, गुरगुरणारा होता. सुईकाकांनी न बघता ओळखलं; या गाडीच्या कानात त्यांच्या दोन चकत्या होत्या. नीतिशास्त्र निश्चिंतपणे उतारावरून येत होतं.

लेकीनं बाहीनं डोळे पुसले आणि बंदूक उचलली.

"किती?" सुईकाकांनी विचारलं.

"एकशे वीस."

"मग धर त्याला," ते म्हणाले, आणि प्राध्यापकांच्या गाडीला उभं राहायला जागा व्हावी म्हणून आपली गाडी ढकलून जरा बाजूला घेतली.